तेरा तारखेपुढें अडणारा अर्ज



एका शाळेच्या प्रवेशअर्जाचें संगणकीय पान मीं रचलें होतें. मुदत संपण्याच्या रात्रीं एका मातेचा फोन आला. "माझी मुलगी २५ ऑगस्टची; आपला अर्ज म्हणतो, ही तारीखच चूक आहे!" शेजारच्या मुलाचा अर्ज मात्र बिनतक्रार गेला होता, त्याचा जन्म ५ ऑगस्टचा. मुलीची जन्मतारीख आईला शिकविणारा हा शहाणा कोण, याचा शोध मला त्या रात्रीं घ्यावा लागला. तोच आज आपणांस सांगतों.

अशा अर्जावर दोन पहारेकरी असतात. पहिला अर्ज भरणाराच्या ब्राउझरमध्यें बसतो आणि रकाना चुकला कीं तेथल्या तेथें हटकतो. दुसरा दूर, अर्ज जेथें पोंचतो त्या सर्व्हरवर. आमचें पान 'एएसपी डॉट नेट एमव्हीसी' या चौकटींत होतें. तिच्या २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पहिल्याचे नियम पानाच्या मजकुरांतच, त्या त्या रकान्यासोबत, लिहिलेले असतात; ते वाचून अंमल करण्याचें काम जेक्वेरीच्या स्क्रिप्ट करितात.

पहिला पहारेकरी बिघडला, तर तीन प्रश्न क्रमानें विचारावे. तो हजर आहे काय? मूळ जेक्वेरी आधीं, तपासणीची स्क्रिप्ट नंतर, नियम वाचणारी शेवटीं. हा क्रम उलटला तर तो येतच नाहीं, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्यें त्याची तक्रार उमटते. दुसरा प्रश्न : नियम त्याच्या हातीं पडले काय? पान उघडल्यावर मागाहून घातलेले रकाने त्यास ठाऊक नसतात. ते पुन्हां वाचावयास सांगावें लागतें. तिसरा प्रश्न : नियमाचा अर्थ त्यानें नीट लावला काय?

आमचें घोडें अडलें तें येथें. तारीख खरी कीं खोटी, हें तो ब्राउझरला विचारीत असे; आणि ब्राउझर अमेरिकन रिवाजानें आधीं महिना वाची. ५/८ म्हणजे त्याच्या लेखीं ८ मे, ती चालली. २५/८ म्हणजे पंचविसावा महिना! म्हणजे बारा तारखेपर्यंत जन्मलेलीं मुलें आंत, तेरापासूनचीं बाहेर. मला हें आधीं कां दिसलें नाहीं? कारण माझी चाचणी ७ तारीख घालून झाली होती.

त्या रात्रीं मीं पहिल्याचा तारखेचा नियम काढून टाकला. हें धाडस करतां आलें, कारण दुसरा पहारेकरी जागा होता व त्याला भारतीय तारीख वाचतां येत होती. सकाळीं पहिल्यासही 'दिवस आधीं, महिना मागून' हें शिकविलें. पहिला केवळ सोयीसाठीं असतो. स्क्रिप्ट बंद करून कोणीही त्याला चुकवूं शकतो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर झालीच पाहिजे.

त्या मुलीचा अर्ज मुदतींत पोंचला. तेव्हांपासून प्रत्येक नव्या अर्जांत मी पहिली तारीख घालतों ती २५ ऑगस्ट. दारांतल्या माणसास खोटें ठरविण्यापूर्वीं आपला नियम तपासावा, एवढें त्या मातेनें मला शिकविलें.