'केली' आणि 'केली होती'

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी शिकणाऱ्या नवख्यांसाठी चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही मास्तर नाही. आयटीआय करून १९८३ साली खानापूर तालुक्यातून बेंगळुरूला आलेला माणूस. आमच्या भागातली निम्मी पोरे गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, इथेही नगर्तपेठेत आली. मी मात्र राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर लागलो. इंग्रजी पाचवीपासून शिकलेले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, तेव्हा आमची गाडी कधीच निघून गेली होती.

माझी इंग्रजी एका वाक्याने सुधारली. ते वाक्य मीच चुकीचे लिहिले होते.

१९८६ सालची गोष्ट. रात्रपाळीत आमच्या हेल्परची दोन बोटे प्रेसमध्ये सापडली. डायमध्ये तुकडा अडकला होता. त्याने नियमाप्रमाणे मोटर बंद केली आणि मग हात घातला. पण मोटर बंद झाली तरी प्रेसचे जड चाक काही वेळ फिरतच राहते, आणि त्या फेऱ्यात वरचा भाग खाली आला. त्याला इएसआय इस्पितळात पोचवून मी परत आलो. पाळीचा प्रमुख मी, म्हणून अहवाल मलाच लिहायचा होता, तोही इंग्रजीत.

मनात मराठी वाक्य स्वच्छ होते : 'त्याने हात घातला तेव्हा मोटर बंद केली होती.' 'होती' म्हणजे 'वॉज', एवढे मला ठाऊक. पण 'आय वॉज गो' म्हटल्यावर पूर्वी एकदा सगळे हसले होते, म्हणून लिहिलेला 'वॉज' मी खोडला. 'हॅड' सुचलाच नाही. 'आय हॅड अ पेन' म्हणजे माझ्याकडे पेन होते, इतकीच त्याची माझी ओळख. शेवटी लिहिले : 'व्हेन ही पुट हँड इन डाय, ही स्विच्ड ऑफ मोटर.'

वाचणाऱ्याने त्याचा अर्थ लावला, की हात आत घातला आणि मग मोटर बंद केली. म्हणजे चालू मशीनमध्ये हात! हेल्परला निष्काळजीपणाचे आरोपपत्र मिळाले. बोटे गेली ती गेली, वर निलंबन. तुमकूरकडचा पोरगा, घरी धाकट्या बहिणी. माझ्यासमोर येऊन तो एवढेच म्हणाला, 'अण्णा, तुम्ही तर तिथेच होता.'

चौकशीत साहेबांनी शेवटी कन्नडमध्ये विचारले, 'मोदले आफ माडिद्दना?' मी म्हणालो, 'हौदु सार, माडिद्द.' बघा, कन्नडमध्ये 'माडिद' म्हणजे केले आणि 'माडिद्द' म्हणजे केले होते. एका 'द'चे द्वित्व, आणि पोराची नोकरी वाचली. पण त्याचा तीन आठवड्यांचा पगार गेला, आणि तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मग मी भावाला सांगून सांगलीहून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मागवली. (१८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे बरे का. आडनावामुळे बरेच जण गल्लत करतात.) मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, रात्री जेवणानंतर रोज दहा वाक्ये. तेव्हा एक गोष्ट कळली, ती आज सांगायची आहे. बारा काळांचा तक्ता बघून आपण घाबरतो, पण त्यातले बरेचसे सामान मराठीत आधीच आहे. करतो, करत आहे, केले आहे. केले, करत होतो, केले होते. शाळेत आपण साधा, अपूर्ण, पूर्ण शिकलोच की! 'वडील पहाटे उठत असत' हा आपला रीतिभूतकाळ, तिथे इंग्रजीत 'यूज्ड टू' बसवा.

उलट काही ठिकाणी इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले. आपले क्रियापद कर्माचे लिंग-वचन बघून फिरते. इंग्रजीत तिन्हीला एकच 'एट'. आमच्या शेजारच्या तमिळ वहिनी मराठी शिकताना या 'खाल्ला-खाल्ली'पायी रडकुंडीला आल्या होत्या. आपल्याला ते फुकट मिळाले आहे, याची आपण कदरच करत नाही.

अडतो आपण तीन-चार जागी. पहिली जागा 'डिड'. 'डिड यू वेंट?' असे आपण सर्रास विचारतो. भूतकाळाचे ओझे 'डिड'ने उचलले, की मूळ क्रियापद मोकळे : 'डिड यू गो?' नकारातही तसेच, 'आय डिड नॉट गो'. दुसरी जागा 'पासून'. 'मी वीस वर्षांपासून राजाजीनगरात राहतो' हे मराठीत वर्तमानकाळात चालते, म्हणून आपण 'आय ॲम लिव्हिंग सिन्स ट्वेंटी इयर्स' म्हणतो. हवे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर ट्वेंटी इयर्स'. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', जसे सिन्स १९८३. मधली लांबी सांगायची तर 'फॉर'. एवढे पाठ केले तर मुलाखतीतली निम्मी भीती जाते. तिसरी गंमत आपल्या सौजन्याची. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, आणि कुणी हाक मारली की जागेवरून न हलता 'आलोच!' म्हणतो. भविष्य सांगायला भूतकाळ! हे इंग्रजीत शब्दशः नेऊ नका. साहेबाने बोलावल्यावर 'आय केम' म्हणालात, तर तो दाराकडे बघत बसेल. 'ही गो'मधला राहिलेला 'एस' मात्र मी फार मनावर घेत नाही. तो सवयीने येतो, आणि त्याच्यावाचून कुणाचे अडत नाही.

'हॅड'चे तसे नाही. दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली एक आधीची असली, तर आधीचीला 'हॅड' लावा. 'व्हेन ही पुट हिज हँड इन, ही हॅड स्विच्ड ऑफ द मोटर.' अपघाताचा अहवाल, पोलिसांतली तक्रार, विम्याचा अर्ज, सगळीकडे आधी काय आणि मग काय हाच प्रश्न असतो. शंका असेल तर 'फर्स्ट' आणि 'देन' घालून दोन छोटी वाक्ये लिहा. मी तेव्हा तेवढे केले असते तरी चालले असते.

तो हेल्पर पुढे त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये लागला. माझी पाठमाला त्याने मागून नेली होती. मराठी येत नसताना नुसती इंग्रजी वाक्ये वाचायचा.

अध्यक्षांनी मंडळाची खोली रविवारी सकाळी दहा ते अकरा द्यायचे कबूल केले आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून बसू. वयाची अट नाही, फी नाही. येताना काल दिवसभरात काय काय केले याची मराठीत दहा वाक्ये लिहून आणा, त्यात निदान दोन 'होते'ची असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!