पाच घरांतला माणूस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला इंग्रजी शब्दकोडी सोडवायचा नाद आहे. संयोजकांनी ‘पाच मिनिटं काहीही बोल’ म्हटलं, म्हणून त्यातलंच थोडं सांगतो.

अमेरिकन शब्दकोड्यांत एक संकेत पुन्हापुन्हा येतो: ‘चित्रपट समीक्षक रॉजर’. उत्तर ईबर्ट. ‘समीक्षक पॉलिन’ दिसलं की केल. तिसरे जेम्स एजी. कोडी सोडवणाऱ्यांना ही आडनावं पाढ्यांसारखी पाठ असतात. कारण साधं आहे. तिथल्या कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही बसावं लागतं आणि उभ्यातही. म्हणून कोडं रचणाऱ्याला स्वरांनी भरलेले छोटे शब्द हवे असतात. एजीच्या चार इंग्रजी अक्षरांत तीन स्वर आहेत! मराठी कोड्यात काना-मात्रेसकट अक्षर एकाच घरात जातं, त्यामुळे आपल्याकडे एजी दोन घरांत संपले असते.

गंमत अशी, की मी ‘ईबर्ट’ कितीतरी वेळा लिहिलं, तेव्हा त्यांचं एकही परीक्षण वाचलेलं नव्हतं. पुढे वाचलं. ईबर्ट 1967 पासून ‘शिकागो सन-टाइम्स’चे समीक्षक. 1975 साली त्यांना पुलित्झर मिळालं. चित्रपट समीक्षेसाठी ते मिळवणारे ते पहिलेच. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर 2006 मध्ये त्यांची वाचा गेली. तरी 2013 मध्ये जाईपर्यंत ते लिहीत राहिले. पॉलिन केल 1968 ते 1991 ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहीत होत्या. त्यांच्या मतावरून लोक अक्षरशः भांडत. एजी 1955 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या कादंबरीला पुलित्झर मिळालं ते 1958 मध्ये, त्यांच्या मागे.

एवढी आयुष्यं, आणि कोड्यात उरतात चार-पाच घरं. त्यात कोड्याचा दोष नाही. नाव लोकांच्या तोंडी राहतं, हेही काही थोडं नाही. पण नाव येणं म्हणजे माणूस कळणं नव्हे.

मित्रहो, आपणही एकमेकांना आडनावानेच हाक मारायचो. हजेरीपटात प्रत्येकाला एक ओळ होती आणि आपल्या मनात प्रत्येकासाठी एक संकेत: ‘गणितात पैकीच्या पैकी’, ‘शेवटचा बाक’, ‘रोज उशिरा येणारी’. इतक्या वर्षांनी भेटलो तरी आज सकाळपासून आपण तीच उत्तरं भरतो आहोत. शेवटच्या बाकावरच्याने घर कसं सावरलं, पैकीच्या पैकीवाला मध्ये कुठे अडखळला, हे कोणी विचारलं का? काही जण आज आलेले नाहीत, काही कधीच येणार नाहीत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे तेवढा एकच संकेत उरला आहे, याचं मला वाईट वाटतं.

कोड्याची एक रीत मात्र कामाची आहे. एखादा शब्द अजिबात येत नसला, तर त्याला छेदणारे शब्द भरायचे. अक्षर-अक्षर करत तो उलगडतो. माणसाचंही तसंच. जे गेले, त्यांच्याविषयी त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला विचारा. जे आले आहेत, त्यांना स्वतःलाच विचारा. सर आणि बाईंनाही विचारा. फळ्याकडे तोंड असतानाही त्यांना आपण बरेच दिसत होतो.

जेवणाला अजून अवकाश आहे. शाळेत ज्याच्याशी कधी बोलला नाहीत, त्याच्या शेजारी जाऊन बसा.