पाळीव पक्ष्यांचा आवाज आणि शेजारधर्म

पक्षी पाळण्याची हौस हैदराबाद शहरास नवी नाही. चारमिनारजवळच्या मुर्गी चौकाचे नावच पक्ष्यांच्या बाजारावरून पडलेले आहे. पूर्वी विकत घेतलेला पक्षी देवडीच्या प्रशस्त अंगणात जाई. आज त्याचा पिंजरा बहुमजली इमारतीच्या अरुंद सज्जात टांगला जातो आणि त्याची हाक भिंतीपलीकडच्या बिछान्यापर्यंत पोहोचते.

या कारणाने पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचा प्रसंग पुण्यात घडला. शेजाऱ्याचा पोपट सतत ओरडतो, अशी तक्रार ऑगस्ट 2022 मध्ये शिवाजीनगर भागातील एका ज्येष्ठ नागरिकाने खडकी पोलीस ठाण्यात केली. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, ती भारतीय दंड संहितेच्या 504 व 506 या कलमांखाली. ही कलमे अपमान व धमकी यांविषयीची होत. म्हणजे पोपटाचा आवाज बाजूलाच राहिला. नोंद झाली ती माणसांच्या बोलाचालीची.

आवाजाविषयी कायदा नाही, असे नव्हे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 अन्वये निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा हा काळ होय. मर्यादेहून 10 डेसिबल वा अधिक आवाज असल्यास पोलीस आयुक्तांसारख्या प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मात्र श्रोत्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. हे मोजमाप क्षणाचे नसून ठरावीक काळाच्या सरासरीचे असते. ध्वनिक्षेपक तासन्‌तास चालतो. पोपट दोन मिनिटे किंचाळून गप्प बसतो आणि सरासरीत बहुधा सापडत नाही. आजाऱ्याची झोप तेवढ्यात मोडलेली असते.

केरळातील अडूर येथे फेब्रुवारी 2025 मध्ये अधिक शहाणपणाचा निर्णय झाला. पहाटे तीनला आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्धच्या तक्रारीवर महसूल विभागीय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून, जागेची पाहणी करवून, वरच्या मजल्यावरील खुराडे 14 दिवसांत आवाराच्या दक्षिणेस हलविण्याचा आदेश दिला. कोंबडा राहिला, जागा बदलली.

पोपट थव्याने राहणारा पक्षी. विशेषतः सकाळ-संध्याकाळ हाका मारून तो सोबत्यांचा ठाव घेतो. एकटा ठेवल्यास या हाका वाढतात, आणि घरातून कोणी त्याच्यावर ओरडले तर तेही त्याला उत्तरच वाटते. पिंजरा सामाईक भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत ठेवावा. रात्री हवा खेळती ठेवून तो जाड कापडाने झाकावा; पहाटेचा उजेड आत आला नाही, म्हणजे पक्षी उशिरा जागा होतो. दिवसा त्यास सोबत द्यावी. पिंजऱ्यात पुरेशी हालचाल करता न येणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली गुन्हाच आहे. शेजाऱ्यानेही नुसते 'फार ओरडतो' असे न म्हणता वेळा टिपून मालकास दाखवाव्या. वेळ कळली, की उपाय सुचतो.

पिंजऱ्यात हिरवा देशी पोपट असेल, तर मात्र प्रश्न आवाजाचा उरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये तो पकडण्यास, विकण्यास व पाळण्यास मनाई आहे. शेजाऱ्याच्या तक्रारीने घाबरून काही मालक असा पक्षी खिडकीतून सोडून देतात. पंख छाटलेला पक्षी उडू शकत नाही. तो वन विभागाच्या स्वाधीन करावा.