ट्रॉलीची पिन : जोडताना पाहा, जोडल्यावर पुन्हा पाहा

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. आपण टायरात हवा भरतो, इंजिनातलं तेल पाहतो. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला एकत्र धरून ठेवणारी पिन कोण पाहतो? चढावर ती निसटली, तर उसानं भरलेली ट्रॉली उलटी मागं धावते. तिला ना स्टिअरिंग, ना बहुतेक वेळा ब्रेक. मागून सायकलवर शाळेची पोरं येत असतील, तर पुढचं सांगायला नको.

बैलगाडीच्या चाकाची खीळ पाहिल्याशिवाय जाणता माणूस बैल जुंपत नसे. तीच सवय इथंही हवी.

आधी पिन पुसून हातात घ्या. कडी घासते तिथं खाच पडली असेल, पिन वाकली असेल किंवा चीर दिसत असेल, तर ती बदला. पिन हरवली म्हणून बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नका. तो भोकात सैल बसतो, प्रत्येक गचक्याला आदळतो आणि एक दिवस तुटतो. कडीचं भोक झिजून लांबट झालं असेल, तर तेही वेळीच दुरुस्त करून घ्या.

आता जोडणी. ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रॅक्टर मागं घेताना मधल्या जागेत कुणीही उभं राहू नये. बाजूला राहून इशारा करावा. ट्रॅक्टर थांबवून, ब्रेक लावून, इंजिन बंद केल्यावरच पिन घालायला आत जावं. पिन वरून खाली घाला आणि तिच्या खालच्या टोकाला लॉकची क्लिप लावा. क्लिप नसेल तर पिन गचक्यांनी वर सरकते. क्लिपऐवजी तार किंवा सुतळी बांधून भागत नाही. दोन जादा क्लिपा अवजारांच्या पेटीत ठेवाव्यात.

याशिवाय साखळीचा आधार द्या. ती पिनेला नव्हे, ट्रॅक्टरच्या मजबूत भागाला अडकवा. वळणावर ताणणार नाही इतकी सैल आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड ठेवा.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वर, टॉप लिंकच्या जागी जोडून ओढली, तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागं उलटू शकतो. दोन चाकी ट्रॉलीत मागच्या बाजूला जादा माल भरू नका. तशानं दांडी वर उचलते, आणि पिन काढताच ती उसळून तोंडावर बसते.

शेवटी दगड काढा, चार पावलं पुढं जाऊन थांबा, उतरून पिन, क्लिप, साखळी पाहा. दोन ट्रॉल्या असतील तर मधली जोडणीही पाहा. शेतातल्या खाचखळग्यातून डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा एकदा पाहा, आणि दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवूनच रस्त्यावर या.

या कामाला पाच मिनिटं लागतात. कारखान्यावर नंबर मागं पडला, तर फार तर खेप उशिरा रिकामी होईल. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.