जॅक कूम्ब्स : खेळाडू आणि शिक्षक

क्रिकेटमधील गोलंदाजाला एका षटकानंतर विसावा मिळतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, ती सवलत नाही. त्याला बदलले जाईपर्यंत संघाचा प्रत्येक चेंडू त्यानेच टाकावयाचा. सामना नऊ डावांचा. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. १ सप्टेंबर १९०६ रोजी बोस्टन येथे असा एक सामना २४ डाव चालला, आणि फिलाडेल्फियाच्या संघाकडून ते सर्व डाव जॅक कूम्ब्स या तेवीस वर्षांच्या तरुणाने एकट्याने टाकून सामना जिंकला. कोल्बी महाविद्यालयातून पदवी घेऊन तो नुकताच बाहेर पडला होता.

१९१० साली कूम्ब्स यांनी ३१ सामने जिंकले. त्या हंगामातील १३ सामन्यांत त्यांनी प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही. त्याच वर्षी अजिंक्यपदाच्या मालिकेत शिकागोविरुद्ध सहा दिवसांत तीन विजय त्यांनी मिळवून दिले.

१९१३ मध्ये विषमज्वराने त्यांना गाठले. त्या काळी त्यावर प्रतिजैविक औषध नव्हते. दुखणे पाठीच्या कण्यात उतरले आणि जवळजवळ दोन हंगाम फुकट गेले. फिलाडेल्फियाने त्यांना मोकळे केले. ब्रुकलिनकडून ते पुन्हा उभे राहिले. १९१६ च्या अजिंक्यपद मालिकेत ब्रुकलिनला लाभलेला एकुलता एक विजय त्यांचाच. पुढे १९१९ मध्ये एका व्यावसायिक संघाचे व्यवस्थापकपद मिळाले, ते अर्ध्या हंगामातच गेले. संघाच्या मालकांना धीर नसतो, हे काही केवळ अमेरिकेचेच वैशिष्ट्य नव्हे!

मला मोल वाटते ते यानंतरच्या उत्तरार्धाचे. विल्यम्स, प्रिन्स्टन आणि १९२९ पासून ड्यूक विद्यापीठ अशा ठिकाणी कूम्ब्स यांनी विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकविला. शरीर केव्हा दगा देईल याचा नेम नसतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते. मागे उरण्यासारखे असते ते खेळाचे ज्ञान. प्रत्येक जागेवरील खेळाडूचे काम आणि संघाचे डावपेच यांवर त्यांनी १९३८ मध्ये पाठ्यपुस्तकच लिहिले.

१९५२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचा विद्यार्थी डिक ग्रोट हा ड्यूकमधून थेट पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघात गेला. कूम्ब्सही असेच महाविद्यालयातून थेट वरच्या श्रेणीत उतरले होते. १९६० मध्ये ग्रोट आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. ते पाहावयास कूम्ब्स नव्हते. १९५७ मध्येच त्यांचे निधन झाले होते.