लेकराची झोप



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज लहान मुलांच्या झोपेवर बोलणार आहे. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. तेव्हा वैद्यकातले जे सांगेन ते डॉक्टरांचे. त्यावरून जी मागणी करीन ती माझी.

आपल्या भाषेत ‘बाळसे’ हा मोठा गोड शब्द आहे. लेकराने बाळसे धरले की सारे घर सुखावते. पुढे अंगाने भरलेल्या माणसाला आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो. लठ्ठपणा श्रीमंतांच्या वाट्याला आणि उपासमार गरिबांच्या, अशी आपण वाटणी करून ठेवली होती. ती आता मोडली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालील दर १०० मुलांत ३५ हून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आणि त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांत २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते.

हे कसे होते? उत्तराचा एक धागा आपल्याच महाराष्ट्रात सापडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेली मुले सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची मुले ३.५ किलोंची होती. आपल्या बाळांचे स्नायू पुष्कळ कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली! वरून कृश आणि आतून चरबीदार, असा हा देह. दुष्काळाच्या धास्तीने शेतकरी कणगी राखतो, तसे पोटातले बाळ चरबी राखते, असे याचे एक स्पष्टीकरण देतात.

जन्मानंतर दोन गोष्टी यात भर घालतात : मनावरचा ताण आणि अपुरी झोप. भीती वाटली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो. कुत्रे मागे लागले असता तो उपयोगी पडतो. पण घरातली मारहाण, उपाशीपण, आईबापांची ताटातूट हे रोजचेच झाले, की तो रस पुन्हा पुन्हा उसळत राहतो, गोडाची ओढ वाढते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारून १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसले, त्यांच्यात अतिलठ्ठपणाचा संभव सुमारे दीडपट निघाला.

झोपेचेही तसेच. २००४ साली शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. दहा तास झोपू दिले त्या वेळच्या मानाने भूक चेतवणारा रस २८ टक्क्यांनी वाढलेला आणि तृप्तीचा रस १८ टक्क्यांनी उतरलेला दिसला. हे प्रौढांचे झाले. पण अनेक देशांत मुलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली, तेव्हा कमी झोपणाऱ्या मुलांत पुढे लठ्ठपणा अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या बाजूंनी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला तेथे नाव नसते. ‘एक कोयता’ म्हणतात. या कोयत्याबरोबर कोपीत लेकरूही असते. आई पहाटे फडावर जाते, लेकरू झोळीत किंवा पाचटावर. रात्री गाडी केव्हा येईल त्याचा नेम नाही. बारा वाजता आली तर बाराला, तीनला आली तर तीनला मोळ्या भराव्या लागतात. दिवे डोळ्यांवर पडून लेकरू दचकते, रडते, आणि रडू थांबावे म्हणून त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा दिला जातो. मी हे अनेक फडांवर पाहिले आहे. सांगा, या लेकराचे अकरा तास कोणी नेले?

यावर कोणी म्हणेल, आईने लक्ष द्यावे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांतील बायका तान्ह्यांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. त्या निर्दय नव्हत्या. मूल सांभाळायला कोणी नव्हते. उपदेशाने गोळी सुटली नसती; त्यासाठी पाळणाघर हवे होते, आणि पाळणाघराचे कलम १९४८ च्या कारखाने कायद्यात आले. पण कायद्याचे ते पाळणाघर कारखान्याच्या फाटकाआत राहिले. ऊस मात्र फाटकाबाहेर तोडला जातो.

म्हणून मी मागतो : गाडी भरण्याची वेळ ठरलेली असावी, आणि तान्हे मूल असलेल्या आईला रात्रीच्या भरणीस बोलावू नये. कोप्यांच्या वस्तीवर पाळणाघर असावे. गावच्या अंगणवाडीतले लेकराचे नाव त्याच्याबरोबर कारखान्यावर जावे.

आणि शहरातल्या श्रोत्यांनो, आपणही सुटलेलो नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. आपल्या वरातींनी तो किती पाळला? मोबाईलच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत जागणारे मूलही झोपेला मुकतेच.

एक खबरदारी सांगतो. ताण आणि जागरण म्हणजे कपाळीचा लेख नव्हे. असे प्रत्येक मूल लठ्ठ होत नाही. आहार, खेळ, अनुवंश यांचाही वाटा असतो. पण ज्या कारणावर आपला हात पोचतो, ते आधी दूर करावे, हाच शहाणपणा.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून माणसाचा हक्क आहे, हे तेव्हा ठरले. तो हक्क पाचटावर निजलेल्या लेकरापर्यंत अजून पोचायचा आहे. तो पोचवणे आपल्या हाती आहे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.