उत्तराखालचा ताळा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, "सॉफ्टवेअरमधले तीस वर्षांचे अनुभव". समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा संगणकाशी संबंध वीजबिल भरण्यापुरता आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तुम्हाला एकच अनुभव सांगणार आहे. तो उसाचा आहे, त्यामुळे सगळ्यांना कळेल. आणि तो माझ्या चुकीचा आहे, त्यामुळे सगळ्यांना आवडेलही.

आपलं कऱ्हाटी कऱ्हेच्या काठावर असलं तरी पट्टा जिरायती. ऊस आपण पाहायचो तो नीरेच्या कालव्याखालच्या पाहुण्यांच्या रानात. त्यामुळे 1994 च्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या ऊसबिलाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरी केवढा आनंद झाला! कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. पुण्यात डिप्लोमा करून मी एका लहानशा कंपनीत लागलो होतो. वय बावीस. कॉलेजात पास्कल आणि सी शिकलो होतो, पण बाजारात तेव्हा हिशेबाच्या कामाला फॉक्सप्रो चालायचं. एक जाड पुस्तक, खोकाभर फ्लॉप्या आणि काळ्या पडद्यावरची अक्षरं, एवढीच आमची अवजारं. अडलं तर विचारायला इंटरनेट नव्हतं.

काम सरळ होतं. काट्यावर गाडीचं वजन व्हायचं, वजनपावती निघायची, त्यावर सभासद क्रमांक असायचा. माझ्या प्रोग्रॅमने तो क्रमांक सभासदांच्या यादीत शोधायचा आणि टन त्या खात्यावर जमा करायचे. पंधरवड्याच्या शेवटी बिल. मी चाचणी घेतली. शंभरेक पावत्या भरल्या, सगळ्या बरोबर बसल्या. पहिल्या पंधरवड्याचं बिल निघालं, तेव्हा काट्यावरचे एकूण टन आणि बिलातले एकूण टन किलोपर्यंत जुळले. लेखा विभागातल्या साहेबांनी पाठ थोपटली.

चार दिवसांनी एक आजोबा आले. पांढरं धोतर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोऱ्याने बांधलेल्या पावत्या. त्यांचा सभासद क्रमांक होता 27. म्हणजे कारखाना उभा राहताना शेअर घेतलेल्या पहिल्या माणसांपैकी. त्यांच्या नावावर बिलच निघालं नव्हतं. मी पडद्यावर पाहून सांगितलं, "आजोबा, कॉम्प्युटरमध्ये तुमचा ऊसच आलेला दिसत नाही."

ते काही चिडले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पावत्या माझ्याकडं हायेत. तू तुझं बघ."

ते बाकड्यावर बसून राहिले. मी त्यांची एकेक पावती हाताने शोधायला लागलो. पावत्या संगणकात होत्या. टनही होते. पण ते जमा झाले होते 2714 या क्रमांकावर, दुसऱ्याच गावातल्या एका सभासदाच्या खात्यात.

कारण असं होतं. फॉक्सप्रोमध्ये दोन अक्षरमाला सारख्या आहेत का, असं बरोबरच्या चिन्हाने विचारलं, तर ते उजवीकडची अक्षरं संपेपर्यंतच तुलना करायचं. 2714 ची सुरुवात 27 ने होते, तेवढं त्याला पुरे होतं. ते म्हणायचं, सापडला. यादी गावनिहाय लावलेली होती आणि 2714 चं गाव आजोबांच्या गावाच्या आधी होतं, म्हणून तोच आधी सापडायचा. काटेकोर तुलना हवी असेल, तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सेट एक्झॅक्ट ऑन' अशी एक ओळ लिहावी लागायची. पुस्तकात ते दिलेलं होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

मग माझ्या चाचणीत हे का दिसलं नाही? कारण मी चाचणीला घेतलेले सगळे क्रमांक चार आकडी होते. आणि एकूण टन का जुळले? कारण एकाचा ऊस दुसऱ्याच्या खात्यात गेला, तरी बेरीज बदलत नाही! बेरीज बरोबर होती आणि माणसं चुकली होती. त्यातही फटका कुणाला बसला, तर एक, दोन किंवा तीन आकडी क्रमांकाच्या सभासदांना, म्हणजे सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांना. दोन रात्री जागून मी प्रत्येक पावती तपासली. अकरा सभासद निघाले. त्यांतले दहा जण तक्रार घेऊन आलेच नव्हते. 2714 वाल्यांनीही काही विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, औंदा काटा जरा बरा चाललाय.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. पाठ थोपटली होती त्याच हाताने त्यांनी दाराकडे बोट दाखवलं, पण संध्याकाळी परत बोलावलं. पुढच्या बिलात सगळ्यांचे टन ज्याच्या त्याच्या खात्यावर गेले. आजोबांना मी स्वतः सांगायला गेलो. ते एवढंच म्हणाले, "बाकीच्या दहांनाबी सांगितलंस का?" मी सांगितलं नव्हतं. मग गेलो, सायकलवर, गावोगाव.

सर, आता हे तुमच्यासाठी. आठवीत तुम्ही प्रत्येक गणिताखाली ताळा लिहायला लावायचात. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. एकदा सहामाहीत माझी सगळी उत्तरं बरोबर असून तुम्ही एक गुण कापलात, ताळा नाही म्हणून. मी भांडलो होतो. "उत्तर बरोबर आहे ना सर?" तुम्ही म्हणालात, "ते तुला कसं कळलं?" त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या बाकड्यासमोर कळला.

पुढे वाचलं, तेव्हा समजलं की असं चुकणारा मी एकटा नाही. 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम आधीच्या एरियान 4 मधून जसाच्या तसा घेतलेला होता. जुन्या रॉकेटवर तो व्यवस्थित चालला होता. नवं रॉकेट जास्त वेगाचं, त्यामुळे एक आकडा 16 बिटांच्या जागेत मावलाच नाही. नव्या रॉकेटच्या आकड्यांनी त्याचा ताळा कुणी केला नव्हता.

त्यानंतर माझी अवजारं किती बदलली! फॉक्सप्रो गेलं. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं. मी व्हिज्युअल बेसिक शिकलो, मग जावा, मग पायथन. 2005 मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने गिट तयार केलं. आता कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची वहीच राहते. माझ्या फ्लॉप्यांवर 'नवीन', 'नवीन2', 'शेवटचं', 'अगदी शेवटचं' अशी लेबलं असायची. प्रत्येक नवी भाषा शिकताना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाहतो : ही भाषा 'सारखं' कशाला म्हणते? आणि चाचणीला सगळ्यांत लहान आकडा, सगळ्यांत मोठा आणि रिकामी जागा, हे तिन्ही घेतो. आमच्या ऑफिसात तमिळ आणि बंगाली पोरंसुद्धा याला 'ताला' म्हणतात.

आता तर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं. आपल्या बारामतीतच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात केली आहे. मला त्याचं कौतुक आहे, मीही ही साधनं रोज वापरतो. दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं. पण वाचलेल्या वेळातला थोडा मी ताळ्यासाठी ठेवतो, कारण यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं, जितक्या ठामपणे मी म्हणालो होतो, "तुमचा ऊसच आलेला नाही."

इथे शाळेतली मुलंही बसली आहेत. तुमच्यापैकी कुणी उद्या प्रोग्रॅम लिहील, कुणी बँकेत बसेल, कुणी काट्यावर. तुमच्यासमोर कुणी पिशवी घेऊन आलं, तर आधी पावत्या बघा, मग पडदा.

आणि सर, तो एक गुण तुम्ही बरोबर कापला होतात. सांगायला छत्तीस वर्षांहून जास्त उशीर झाला, तेवढं माफ करा.